चौदाव्या किलोमीटरवरचा गाऊन

हाफ मॅरेथॉनच्या चौदाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी आपली माणसं शोधताना अपूर्वाला आधी स्वतःचा गाऊन दिसला. निळा, कोपरापर्यंत बाह्यांचा. रात्री तो तिच्या अंगात होता. पहाटे बुटांच्या घाईत पलंगावर टाकून ती निघाली होती.

आता तो बंडगार्डन रोडच्या फुटपाथवर घडीच्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्या आत तिच्या सासूबाई होत्या.

अपूर्वाचे पाय थांबले. मागून पळत येणारा एक जण, "ओ मॅडम, थांबायचं तर कडेला थांबा," म्हणत वळसा घालून पुढे गेला.

उल्काताईंनी गाऊन साडीवरूनच चढवला होता. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गाऊनवर ओढणी टाकून दूध आणायला निघाल्या, की गॅलरीतून, "अंथरुणातून उठल्या, अंथरूण घेऊनच निघाल्या," असं म्हणणाऱ्या उल्काताई. घट्ट अंबाडा, कानात कुड्या, मनगटावर घड्याळ, आणि गाऊन. पुढून शेकडो माणसं पळत होती, पलीकडे ढोल वाजत होता. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर सात महिन्यांची सोनू होती.

सोनूच्या तोंडात बाटली होती.

चार तऱ्हेच्या बाटल्या झाल्या होत्या. चांदीचं बोंडलं झालं होतं, वाटी-चमचा झाला होता. सोनूनं सगळं थुंकून दिलं होतं. तिला आई लागायची, दुसरं काही नाही. म्हणून तर आजचं ठरलं होतं, की एकवीस किलोमीटरमधल्या चौदाव्याला घरच्यांनी सोनूला घेऊन थांबायचं, अपूर्वानं मागं लावलेल्या गाडीत बसून तिला पाजायचं आणि मग उरलेले सात पळायचे. गाडीच्या काचांना तिच्या नवऱ्यानं, आमोदनं, टॉवेल लावून ठेवले होते. ते तसेच लटकत होते.

"अपू, बघ," आमोद मोबाइलवर शूटिंग करत म्हणाला. "घेतलं तिनं. तू काल काढून ठेवलेलं दूध. ऐंशी मिली खलास, उरलेलं चालू आहे."

"कसं?"

"तुझ्या गाऊनचा वास. आईची आयडिया. तुला आधी सांगितलं असतं तर आईला द्यायचा म्हणून तू तो धुवायला टाकला असतास." त्यानं मोबाइल खाली केला. "उद्या बिनधास्त जॉइन हो. सुटला प्रश्न."

उद्या सोमवार. साडेनऊला हिंजवडीचं ऑफिस. रजा दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मॅनेजरनं मेलला उत्तरही दिलं नव्हतं. सोनू दहा तास उपाशी राहणार या धास्तीनं अपूर्वा पंधरा दिवस धड झोपली नव्हती. एकदा तरी बाटली धरू दे, एवढंच ती रोज देवापुढे म्हणत होती.

ती खुर्चीपाशी उकिडवी बसली.

"सोनू."

सोनूनं डोळे वळवले. टोपी, छातीवरचा नंबर, घामेजलेला चेहरा असं सगळं नीट बघितलं. चोखणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तिची एक मूठ गाऊनच्या बटणपट्टीवर घट्ट होती. रोज असते तशीच.

अपूर्वाच्या छातीत कळ गेली. नंबराखाली टीशर्ट ओला होत चालला. तो घाम नव्हता.

"द्या माझ्याकडे," तिनं हात पुढे केले.

"नको," उल्काताई म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता, सोनू दचकू नये इतका. "आत्ता घेतलीस तर ही पुन्हा बाटली धरायची नाही."

अपूर्वाचे हात तसेच राहिले.

"आई, भरून आलंय मला. दुखतंय."

"माहितीये."

"मग घरी करायचं होतंत ना हे. मी पळत होते तेव्हा, दार लावून. इथं रस्त्यावर, माझ्यासमोर कशाला?"

आमोद काही बोलणार होता. उल्काताईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तशी तो पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला.

त्यांनी सोनूच्या हनुवटीवर आलेला थेंब गाऊनच्या बाहीनं टिपला.

"आमोद तीन महिन्यांचा होता, तेव्हा मी बँकेत पुन्हा रुजू झाले," त्या म्हणाल्या. "तेव्हा रजाच तेवढी. बाटली यानं पहिल्यांदा कधी घेतली, कुणाच्या मांडीवर, रडला का, मला माहीत नाही. संध्याकाळी घरी आले, तर बाटली धुऊन ओट्यावर पालथी घातलेली."

अपूर्वानं हात मागे घेतले.

"अगं, दोन तास चाळीसच्या आत संपवायचं होतं ना तुला?" आमोद पाणी घेऊन आला. "चार मिनिटं गेली इथंच."

तिनं पाणी घेतलं नाही. बाटलीत अजून बोटभर दूध होतं. ते संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.