हनुवटीखाली हात

"हात हनुवटीखाली धर," बाई म्हणाल्या. "आता म्हण."

नर्सने आडवा तळहात हनुवटीला लावला. फ्रेंच शब्द तोडून शिकवायची बाईंची ही जुनी रीत. हनुवटी जितक्या वेळा हातावर टेकेल तितके शब्दाचे तुकडे.

"मे-दि-का-माँ."

म्हणजे औषध. शेवटी 'त' लिहायचा, पण म्हणायचा नाही, गिळून टाकायचा. या भाषेचा कारभारच असा, लिहायला खंडीभर आणि बोलायला चिमूटभर.

"अंहं. पुन्हा."

नर्सने पुन्हा म्हटलं. तसंच, चोख. बाईंना चूक सापडेना, आणि चूक नाही म्हणजे शिकवणी संपली. हिची परीक्षा झाली होती, परदेशातली नोकरी पक्की होती, विमान परवाचं होतं. बाकीचे विद्यार्थी एकेक करून मोबाईलवर शिकायला लागले, ही एकटीच टिकली होती. ही गेली की बाईंनी तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही, पण सांगणार कुणाला, भिंतींना?

"नाकातला आवाज कच्चा आहे अजून," बाई म्हणाल्या. "तिकडे हसतील तुला. उद्या ये."

"बाई, उद्या सामान बांधायचंय. आई पण येतेय मदतीला."

"हो, हो. तेही आहेच म्हणा." बाईंनी पुस्तक मिटलं आणि उगाचच परत उघडलं. "मग एकदा शेवटचं म्हण. सुटलीस."

नर्स त्यांच्याकडे बघत राहिली. कुठे दुखतंय हे पेशंटच्या तोंडावरून ओळखायची तिला सवय होती. तिने हात हनुवटीखाली धरला.

"मे-दि-का-मेंत."

ही तर पहिल्या आठवड्यातली चूक. बाईंचा चेहरा एकदम खुलला.

"बघ, म्हटलं नव्हतं मी? हा 'त' कुठून उकरून काढलास?"

"चुकलंच, बाई. उद्या सकाळी येते. सामान आई बांधेल."

बाई तिला सोडायला दारापर्यंत गेल्या. नर्स जिना उतरत होती. सवयीने पायरीगणिक एकेक तुकडा म्हणत होती. मे. दि. का. माँ. 'त' कुठेच नव्हता, आणि नाकातला आवाज अगदी स्वच्छ होता.

बाई दारातच ऐकत उभ्या राहिल्या. हात आपसूक हनुवटीखाली गेला. हनुवटी हातावर हलत होती, आणि तोंडात शब्द एकही नव्हता.