बिनआवाजाचं काम

"सगळ्यात गप बसणारा द्या," स्वरूपा म्हणाली.

दुकानदार अकबरभाईंनी तिच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि ते हसले. कळस गावापासून बारामतीपर्यंत हे धूड तिनं एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. आत प्रोसेसरवर तळहाताएवढा पंखा. काम वाढलं की प्रोसेसर तापायचा आणि पंखा जीव खाऊन बोंबलायचा.

"ताई, छोटा पंखा लई पळतो म्हणून ओरडतो. मोठा सावकाश फिरतो, वारा तेवढाच देतो." त्यांनी प्रोसेसर थंड ठेवणारे दोन कूलर पुढं ठेवले. एक पाण्याचा, रंगीत दिव्यांचा. दुसरा म्हणजे पत्र्यांची वीतभर उंच चळत आणि तिला लावलेला मोठा पंखा. "दिव्यांचा दिसतो झकास, पण त्याचा पंप गुणगुणतो. हा ठोकळा हूं की चूं करणार नाही."

"ठोकळाच बसवा. मला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?"

तिला घाई होती ती गुरुवारची. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती घरी बसून घरांची चित्रं करायची. बांधायच्या आधी घर कसं दिसेल, ते गिऱ्हाइकाला दाखवायची चित्रं. इतकी वर्षं चित्रं तिची आणि गिऱ्हाइकापुढं बोलणारं तोंड दुसऱ्याचं. का, तर तिच्या माइकमधून तिच्याआधी पंखाच बोलायचा. "तुमच्याकडे गिरणी चालू असते का हो?" कंपनीतल्या श्रेया मॅडम विचारायच्या. या वेळी मात्र त्या म्हणाल्या होत्या, तेवढा आवाज बंद करा आणि गुरुवारी तुम्हीच बोला. जमलं, तर इथून पुढं तुमचं काम तुम्हीच मांडायचं. स्वरूपाला दुसरं काही नको होतं.

घरी येऊन तिनं बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. झाकणावर हात ठेवला तेव्हा कुठं मशीन चालू असल्याचं कळलं. बाई नाचायचीच बाकी राहिली!

आता या घराची एक रीत सांगायला हवी. तिचे सासरे सावळाराम तात्या ओसरीवर बसून, विहिरीवरची मोटार चालू की बंद, ते नुसत्या कानानं सांगायचे. उसाला पाणी चाललंय का, हे बघायला कुणी बांधावर जायचं नाही. वाजतं ते चालू, वाजत नाही ते बंद. सुनेच्या मशीनलाही हाच कायदा होता. खोलीतून घरघर आली की सासूबाई, द्वारकाबाई, दारात पहारा द्यायच्या. "आत मशीन चालू हाय. कुणी जायाचं न्हाय." आल्यागेल्याला त्या परस्पर वाटेला लावायच्या.

घरघर थांबली तसा पहाराही उठला.

"रिकामीच हायस तर लसूण सोल." तासाभरानं, "बसलीच हायस तर गहू निवड."

"आई, काम करतेय मी. मशीन चालू आहे."

द्वारकाबाईंनी मशीनला कान लावला. "कुठं चालू हाय? आमी काय येडं हाय व्हय?"

तात्यांनी ओसरीवरून निकाल दिला, "बंद हाय!"

स्वरूपानं कपाळावर हात मारला. करायला गेली एक आणि झालं भलतंच. कसंबसं तिनं चित्र पुरं केलं. बुधवारी मात्र सासूबाईंनी एकही काम सांगितलं नाही. उलट भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच पडली. कळलं एकदाचं यांना, असं तिला वाटलं.

गुरुवारी कानाला हेडफोन लावून ती बोलायला बसली. पडद्यावर तिनं काढलेलं घर. गिऱ्हाईक इंदापूरचे, विजयसिंह नावाचे. ते "हां, हां" करत होते. श्रेया मॅडम म्हणाल्या, "आवाज अगदी स्वच्छ येतोय, बोला." स्वरूपा हातवारे करत एकेक खोली दाखवत होती. कधी नव्हे ते लोक तिचं ऐकत होते.

तेवढ्यात द्वारकाबाई दारात आल्या. बघतात तर मशीन गपगार, समोर एका रिकाम्या घराचं चित्र, आणि सून एकटीच हात हलवून त्याच्याशी बोलतेय.

"अगं बया!" त्या धावत आल्या आणि सुनेचं डोकं छातीशी धरलं. "नगं गं पोरी, अशी एकटी बडबडू नगं. नोकरी गेली तर गेली, जीव तर न्हाय ना गेला? आमाला सांगायची कसली लाज? तू कमवलंस तरच आमची, आसं हाय व्हय? मला लेक न्हाय. तूच माजी लेक हायस."

स्वरूपाचा हात माइक बंद करायला गेला आणि तिथंच थांबला. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं "जेव", "झोप" यापलीकडं मायेचा शब्द काढला नव्हता. आपला मान आहे तो पगारामुळं, अशीच तिची समजूत होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

माइक चालूच होता, पलीकडं सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मग विजयसिंहांनी घसा खाकरला. "मॅडम, घर आवडलं. इथून पुढं आमच्याशी ह्याच बोलतील. मधे दुसरं कुणी नको."

स्वरूपानं हेडफोन काढला. डोळे पुसत, हसत म्हणाली, "आई, नोकरी नाही गेली. मशीन चालू आहे."

द्वारकाबाईंनी तिचं डोकं सोडलं. पदर सारखा केला. दारापर्यंत गेल्या आणि मागं वळून रोजच्याच आवाजात म्हणाल्या,

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय? आता मगाशी मी काय बोलले, त्यातलं काय बी धरून बसू नगंस."