शून्य चुका

द्राहोमीराबाईचं पॅकेज सातव्यांदा परत पाठवताना लुमीरने धड कारणही दिलं नाही. ‘नियमावली वाचा’ एवढंच खरडलं आणि तो कॉफीकडे वळला.

लिनक्स या संगणकप्रणालीवर प्रोग्राम लोकांना द्यायचा तर आधी त्याचं नियमात बसणारं पॅकेज बांधावं लागतं, आणि ब्रनो शहरात ती पॅकेजं तपासणाऱ्या लुमीरइतके नियम कुणाला पाठ नव्हते. प्रोग्राम चालवून बघणं त्याला हलकं काम वाटे. ते वापरणाऱ्यांनी बघावं. ही द्राहोमीराबाई तर गणिताची निवृत्त मास्तरीण. मधमाश्यांच्या पेटीचं वजन बघून त्यांना साखर कधी घालायची, हे सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. लुमीर मित्रांत म्हणायचा, म्हातारीने पॅकेज नाही, गाठोडं बांधलंय.

पण बाई चिकट. ही फाइल चालणार नाही म्हटलं, तिने काढली. दुसऱ्याचा कोड आत कोंबलाय म्हटलं, तोही काढला. बांधताना इंटरनेटवरून काही ओढायचं नाही म्हटलं, तेही बंद. आठव्या खेपेला तपासणीत शून्य चुका आल्या. साधी कुरकुरसुद्धा नाही. बारा वर्षांत असं पॅकेज लुमीरने पाहिलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे मंजुरी ठोकली.

वेळही बरी साधली. शनिवारी नियम समितीच्या अध्यक्षाची निवडणूक होती. त्या खुर्चीवर लुमीरचा सहा वर्षं डोळा होता. विद्यापीठाच्या हॉलमध्ये, दोनशे मतदारांसमोर, त्याने बाईचं पॅकेज पडद्यावर लावलं. पॅकेज असं असावं, म्हणाला. सात वेळा कान पिळले तेव्हा हे जमलं. टाळ्या पडल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, मग चालवून दाखव की.

लुमीरने पॅकेज बसवलं. नाव टाइप केलं. असा प्रोग्रामच नाही, असं उत्तर आलं. त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मग त्याने पॅकेज उघडलं. आत परवाना होता, वर्णन होतं, बदलांची तारीखवार नोंद होती. बस. हॉलमध्ये खसखस पिकली.

“बाई,” लुमीरने पहिल्या रांगेकडे वळून विचारलं, “तुमचा प्रोग्राम कुठंय?”

द्राहोमीराबाई तिथे अंड्याचं सँडविच खात बसली होती. तिने हातातला घास संपवला, बोटं रुमालाला पुसली.

“काढला, इंजिनियरसाहेब. तुमच्या नियमात न बसणारं शेवटी तेवढंच उरलं होतं.”