फडक्याचा बोळा

फडकं आजही बोळा होऊन सिंकमध्ये पडलं होतं. गॅसवर उतू गेलेल्या दुधाची खपली, पातेल्याच्या तळाशी करपलेली साय, आणि ओट्यावरच्या पाण्यात तिच्या बढतीचं पत्र भिजत पडलेलं. तिने कपाळावर हात मारला.

"अहो, तीनच गोष्टी सांगितल्या होत्या! गॅस कोमट असतानाच पुसा, पातेलं रिकामं झालं की लगेच पाणी भरा, फडकं पिळून वाळत घाला. तीन आठवडे झाले!"

"राहिलं गं," नवरा म्हणाला. "माझ्याच्याने नाही होत."

पालथ्या घड्यावर पाणी! हा माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवायचा. डब्याचं झाकण डब्यावर बसवायला मात्र याच्या हाताला लकवा. ती नर्स होती. तिच्या एका नजरेसरशी अख्खा वॉर्ड लखलखायचा. घरात तिचं काडीचं चालत नव्हतं.

मेट्रनची जागा दूरच्या शहरात होती, दोन वर्षांसाठी. बावीस वर्षं तिने या बढतीची वाट पाहिली होती. पण याला असा सोडून गेली, तर महिन्याभरात घराचा उकिरडा व्हायचा आणि हा अंथरूण धरायचा. उत्तर आज दुपारपर्यंत द्यायचं होतं. तिने नकार खरडला, पर्समध्ये कोंबला आणि दार आपटून निघाली. डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचंच.

बसस्टॉपवर पोचल्यावर कळलं, चष्मा घरीच राहिला. चडफडत ती परतली, मागच्या दाराने आत शिरली आणि उंबऱ्यातच थबकली.

नवरा गॅस पुसत होता. बर्नरच्या कडा, बटणांच्या खाचा, सगळं घड्याळ पुसावं तसं. पातेलं घासून पालथं घातलेलं. सगळी झाकणं जागच्या जागी. ओटा कोरडा ठणठणीत. त्याने फडकं पिळलं, झटकलं, टोकाला टोक जुळवून दांडीवर पसरलं. दोन पावलं मागे सरून सगळं डोळे भरून पाहिलं. मग सुस्कारा सोडून तेच फडकं ओढलं, नळाखाली भिजवलं आणि बोळा करून सिंकमध्ये फेकलं. पातेल्यात दूध ओतलं, गॅस मोठा केला आणि हाताची घडी घालून वाट बघत उभा राहिला.

"उतू चाललंय," ती दारातून म्हणाली.

त्याने दचकून गॅस बंद केला.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. आधी स्वच्छ करतो, घाण बघवत नाही गं. मग तू यायच्या आत पुन्हा..." तो अडखळला. "मला जमतंय म्हटलं असतं, तर तू गेली असतीस."

याच्या डोक्यात लाटणं घालावं की याच्या गळ्यात पडावं, तिला कळेना. तिने पर्समधला नकार काढून टराटरा फाडला. चष्मा लावला, कोरा कागद ओट्यावर ठेवला आणि होकार लिहायला घेतला.

कागद जराही भिजला नाही.