बेटावरचा प्रोग्रॅम

आर्तेमियो बार्रियाने पेशंटच्या नोंदींचे दोन्ही प्रोग्रॅम पडद्यावर शेजारी शेजारी उघडले आणि खुर्ची निदियाबाईंकडे सरकवली.

"डावीकडे आपला जुना, याच कॉम्प्युटरवर बसवलेला. उजवीकडे मी केलेला नवा. हा इंटरनेटवर चालतो. दोन्ही वापरून बघा आणि कुठला हवा ते सांगा. प्रत्येक बेटाचं मत कास्त्रो शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला कळवायचंय."

बेटावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून निदियाबाई एकट्याच. त्यांनी हात पुसले, चष्मा चढवला. एक पेशंट जुन्यात शोधला, मग नव्यात. मागच्या खोलीतून तळलेल्या मिल्काओचा वास येत होता. आर्तेमियो येणार असला की त्यासाठीचे बटाटे त्या सकाळीच किसून ठेवत.

"नेट गेलं तर?"

"तर नवा बंद. टेकडीवरचा टॉवर वादळात मान टाकतोच."

एवढ्यावर थांबता आलं असतं. आर्तेमियो थांबला नाही.

"पण जुन्यातलं काही या खोलीबाहेर जात नाही. नव्यात, पेशंट बोटीत असतानाच त्याची सगळी माहिती कास्त्रोच्या डॉक्टरांपुढे असेल."

निदियाबाईंचा हात माउसवरच राहिला.

"म्हाताऱ्या सोफानोरला बोटीने कास्त्रोला पाठवलं, तेव्हा 'पेनिसिलिन चालत नाही' असं लिहून कागद त्याच्या शर्टाला टाचला होता मी. पोचेपर्यंत पावसाने त्याचा लगदा झाला. म्हातारा वेळेवर शुद्धीत आला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणून वाचला."

"माहितीये."

"मग विचारताय काय? 'नवा हवा' असं लिहा."

त्याने लिहिलं. जेवायला दोघं मागे गेले. कास्त्रोतल्या आपल्या खोलीत तो उभ्या उभ्याच काहीतरी खायचा. इथे टेबलावर कापड अंथरलेलं असायचं.

"नव्यात काही बदल करायचा झाला, की याल ना आतासारखे पेन ड्राइव्ह घेऊन?"

"नाही. कास्त्रोत बसून एकदाच करायचा. सगळ्या बेटांवर आपोआप होतो."

"आणि बिघडला तर?"

"तेही तिकडूनच."

"म्हणजे यायचं कारणच उरलं नाही."

"नाही."

त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक मिल्काओ वाढला. त्याने नको म्हटलं नाही. बोटीचा भोंगा वाजेपर्यंत दोघं टॉवरबद्दल बोलत राहिले, मग हवेबद्दल.

निदियाबाई त्याला बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचवायला आल्या. अशा कधी येत नसत.

"हुशार आहात हो," त्या म्हणाल्या. "पण इतकं हुशार व्हायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तो हसला आणि बोटीत चढला. उत्तर सुचलं ते इंजिन सुरू झाल्यावर. त्याने कठड्याला धरून ओरडून सांगितलं. निदियाबाईंनी कानामागे हात धरला. काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी नुसतीच मान डोलावली, आणि बराच वेळ डोलावत राहिल्या.