समासातली धाकटी

सासूबाईंना रोजच्या शास्त्रवाचनातून एक धडा हमखास मिळायचा, आणि तो नेमका माझ्यासाठीच असायचा. पेन्सिलीनं त्या समासात लिहून ठेवायच्या, "धाकट्या सुनेला सांगणे." चाळीस वर्षांनी परवा त्यांचं बायबल उघडलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, या वचनापाशीही तेच लिहिलेलं. हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग आठवलं, माझीही धाकटी सून महिनाभर अबोला धरून बसली आहे; तिला हे आयतंच लागू पडतंय. पानाचा फोटो काढून पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं, महिन्याभरातलं पहिलंच. "आई, अक्षर आजींचं दिसतंय. मग यातली धाकटी तुम्हीच ना?"