टोप्यांचं टेबल

सकाळी सव्वानऊला लिब्बी क्रूपाचं नाव पुकारलं गेलं आणि शाळेच्या जिममधल्या लाकडी बाकांवर सगळ्यांनी पाय आपटायला सुरुवात केली.

तारीख एक मे. कॉलेजांना हो म्हणायची शेवटची मुदत. अमेरिकेतल्या सीडर रॅपिड्सच्या या शाळेत त्या दिवशी शेवटच्या वर्गातली मुलं एकेक करून मधल्या टेबलाशी येतात. टेबलावर निरनिराळ्या कॉलेजांच्या टोप्यांचे ढीग असतात. ज्या कॉलेजात जायचं त्याची टोपी उचलायची आणि सगळ्यांदेखत डोक्यावर चढवायची. तोवर घरीही काही बोलायचं नाही. ही मूळची फुटबॉलवाल्यांची पद्धत; आता सगळेच पाळतात.

वेंडल क्रूपा पहिल्या रांगेत उभा होता. त्याच्या अंगात किरमिजी स्वेटशर्ट होता आणि छातीवर पांढरी अक्षरं होती: 'ऑल्डन कॉलेजचा बाप'.

"पोरीने अजून टोपी उचलली नाही आणि तू बाप होऊन बसलास?" शेजारचा गस म्हणाला. ओट्सच्या कारखान्यात दोघे एकाच पाळीला होते. गसच्या तोंडात गोड पावाचा तुकडा होता, मिशीला जर्दाळूचा मुरंबा.

"गप खा. लहान होती तेव्हापासून तिच्या पलंगामागच्या भिंतीवर ऑल्डनच्या वेधशाळेचं चित्र आहे. दुसरं काय उचलणार?"

"आणि घर?"

"घर कुठे पळतंय? फीसाठी गहाण टाकतोय, विकत नाही."

बँकेत दुपारी सह्या करायच्या होत्या. वेंडलला त्याचं काहीच वाटत नव्हतं. क्रूपांच्या घरातलं कुणी कधी कारखान्यापलीकडे गेलं नव्हतं. आता मुलगी थेट मॅसॅच्युसेट्सला निघाली होती. त्याने स्वेटशर्टही दोन आणले होते. 'ऑल्डनची आई' हा बायकोचा, आयरीनचा. ती वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून परस्पर आली होती आणि अगदी वरच्या रांगेत बसली होती. स्वेटशर्ट घडी करून मांडीवर. "उकडतंय," एवढंच म्हणाली होती.

लिब्बी टेबलाशी पोचली. शाळेच्या बँडने ढोलावर ताल धरला. उजवीकडे किरमिजी टोप्या होत्या. डावीकडे पिवळ्या, गावातल्या कॉलेजच्या, जिथे घरून बसने जाता येतं आणि फी बापाच्या पगारात बसते. तिचा हात किरमिजी ढिगावर गेला. तिथे थांबला. वेंडलने दोन्ही हात वर केले.

तिने पिवळी टोपी उचलली.

क्षणभर ढोलसुद्धा चुकला. मग जिम दणाणलं. तिथल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तीच टोपी घातली होती.

"लिब्बी!" वेंडल ओरडला. "अगं, चुकीची उचललीस!"

सगळे हसले. "शर्टाची पावती जपून ठेवलीस ना?" गसने विचारलं.

वेंडल कठडा ओलांडून टेबलाशी गेला. "कुणी काही बोललं का तुला? पैशाचं मी बघणार होतो ना?"

"माहितीये बाबा. बघितलंही असतंस."

"मग ही काय थट्टा लावलीयस? घाबरलीस?"

"घाबरेन कशाला? ऐक तर खरं!"

तिला धाप लागली होती. गाल लाल झाले होते. वेंडलला तिच्या तोंडावर रडू दिसेल असं वाटलं होतं, निदान हिरमोड तरी. तसं काहीच नव्हतं. नाताळात दुसऱ्यासाठी आणलेली भेट लपवताना ती अशी दिसे. पोटात गुपित राहत नसे, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राही.

"मार्चमध्ये मी हे कॉलेज बघायला गेले होते," ती म्हणाली. "आमच्या शाळेतल्या ओडेगार्डबाई हात धुऊन मागे लागल्या म्हणून, नुसतीच. तिथल्या प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईने माझं आडनाव ऐकलं आणि म्हणाली, नर्सिंगला आमच्याकडे आणखी एक क्रूपा आहे. जागा मिळालीय, पण अजून हो म्हणत नाही. तुझी बहीण का?"

"कसली बहीण?"

"मला बहीण नाही, बाबा."

वेंडलने वर पाहिलं. सगळ्यांत वरच्या रांगेत त्याची बायको टाळ्या वाजवायची विसरून बसली होती. रात्रीच्या जेवणाला काय करू, गाडीत पेट्रोल आहे का, लिब्बीला ताप किती, असलं सगळं त्यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं विचारलं होतं. तुला काय व्हायचं होतं, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"घर गहाण पडलं असतं तर तिने पगार सोडलाच नसता," लिब्बी म्हणाली. "जन्मात नसता सोडला. आणि तिचीही मुदत आजच संपतेय."

तिने ढिगातली आणखी एक पिवळी टोपी काढली आणि बापाच्या हातात कोंबली. मग ओडेगार्डबाईंकडे पाहून मान डोलावली. त्या शाळेच्या समुपदेशक. यादी संपल्यावरच नावं पुकारणं थांबवायचं हा त्यांचा शिरस्ता होता आणि आजच्या यादीत लिब्बीने एक नाव वाढवलं होतं. त्यांनी माइक जवळ ओढला.

"आयरीन क्रूपा. नर्सिंग."

बाकांवर पुन्हा पाय वाजू लागले, आधीपेक्षा जोरात. ढोलवाल्या मुलांनी कुणाच्या खुणेची वाट पाहिली नाही. "जा की लेका!" गस खालून ओरडला. शेकडो माना वर वळल्या. आयरीन उठून उभी राहिली होती आणि मान हलवत होती: नाही, नाही, नाही.

वेंडल टोपी घेऊन पायऱ्या चढू लागला. साडेनऊला तो तिच्यापासून दोन रांगा खाली होता, आणि तिची मान हलायची थांबली होती.